गळ्यातली चांदी कोणाची? सातपुड्यातल्या बाईचा न लिहिलेला इतिहास

दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, रावेर-यावल-चोपड्याच्या रस्त्यांवर मिरवणुका निघतात. ढोल असतो, बिरसा मुंडांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, आणि पुढे असतात चांदीने मढलेल्या पावरा-भिल्ल बाया. दुसऱ्या दिवशी छापून येणारा फोटो त्यांचाच असतो. खाली ओळ ठरलेली, 'पारंपरिक वेशभूषेत आदिवासी महिला'. बाईचे नाव नाही. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हाही हेच. शहरातून कॅमेरे येतात, गळ्यातल्या हांसळीचा, कमरेच्या कंदोऱ्याचा फोटो काढतात आणि 'समृद्ध संस्कृती' म्हणून निघून जातात. (काही जण 'वनवासी संस्कृती' म्हणतात. माणसाला त्याच्या देशाचा मूळ रहिवासी न म्हणता जंगलातला भाडेकरू ठरवणारा हा शब्द कोणाच्या सोयीचा आहे, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको.)

मला त्या फोटोला तीन प्रश्न विचारायचे आहेत. हा दागिना कोणाच्या मालकीचा? तो कोणी घडवला? आणि अडचणीच्या काळात तो कोणाच्या पेटीत गेला? संस्कृतीवर बोलणारे लोक हे प्रश्न टाळतात, कारण त्यांची उत्तरे संस्कृतीत सापडत नाहीत. ती पैशाच्या आणि जातीच्या इतिहासात सापडतात.

सावदा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. ब्रिटिश काळात ते तालुक्याचे ठिकाण होते. १८५२ मध्ये सरकारी मोजणीविरुद्ध सावदा-यावल भागातले शेतकरी उठले, त्याची नोंद आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी रेल्वे सावद्यावरून गेली, त्याची नोंद आहे. केळी रेल्वेच्या वॅगनमध्ये भरून उत्तरेत जाऊ लागली, त्याचीही आहे. जळगावला 'सुवर्णनगरी' म्हणतात, तिथल्या सराफी पेढ्यांच्या पिढ्या मोजल्या जातात. पण त्याच पट्ट्यात केळीच्या बागेत राबायला डोंगरातून उतरणाऱ्या बाईच्या अंगावर जी चांदी होती, तिचा हिशेब कुठल्याच इतिहासात नाही. ज्याच्या नावावर जमीन त्याचे बंड नोंदले जाते, ज्याच्या नावावर दुकान त्याची परंपरा नोंदली जाते. बाईच्या नावावर यातले काहीच नव्हते. होते ते अंगावर होते.

आता दुसरा प्रश्न आधी घेऊ, घडवले कोणी? इथे आपल्याच लोकांची एक भाबडी समजूत आहे, की आदिवासी दागिना म्हणजे आदिवासीने घडवलेला दागिना. सातपुड्यात धातूचा दागिना बहुतेक वेळा बाजारपेठेच्या गावातल्या सोनाराने घडवला आहे. नमुना आदिवासींचा, वजन आदिवासींच्या ऐपतीचे, पण भट्टी, ऐरण आणि तराजू सोनाराचा. घडणावळ त्याची, घट तोच धरणार, मोडीचा भावही तोच सांगणार. जातव्यवस्था म्हणजे नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच एकमेकांपासून केलेली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले. धातू वितळवण्याची विद्या एका जातीच्या घरात कुलूपबंद राहिली. जी बाई तो धातू जन्मभर अंगावर वागवते, तिला तो तोलण्याचाही अधिकार नव्हता.

मग तिने स्वतःच्या हाताने काय घडवले? मणी. सातपुड्यातल्या बायांचे खरे हस्तकौशल्य मणी ओवण्यात आहे. जोंधळ्याच्या दाण्याहून बारीक काचेचे मणी, बारीक सुई आणि दोरा, एवढाच सरंजाम. नुसती सर ओवणे सोपे, ते कोणीही करील. पण अनेक सरी एकमेकींत गुंतवून पट्टी विणायची, तिच्यात त्रिकोण आणि चौकटी उठवायच्या, आणि त्या दोन्ही बाजूंना सारख्या यायच्या, तर प्रत्येक ओळीतले मणी मोजावे लागतात. एक मणी चुकला की पुढच्या चार ओळी वाकड्या जातात. कागद नाही, आराखडा नाही. हे गणित आई लेकीच्या बोटांत घालते. काचेच्या मण्यांबरोबर कवड्या, रानातल्या बिया, घुंगरू, हाताशी येईल ते याच हातांनी ओवले जाते. शाळेत 'गणितात कच्ची' म्हणून मागे बसवलेली मुलगी घरी हेच गणित करत असते, आणि तिच्या गुरुजीला त्याचा पत्ता नसतो. पण मण्याला मोड नाही. गहाण पडते ती चांदी. म्हणून जे तिच्या हाताचे होते त्याला बाजारात भाव नव्हता, आणि ज्याला भाव होता ते दुसऱ्याच्या हातचे होते.

इथे चळवळीतला एक आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब अस्पृश्य स्त्रियांसमोर बोलले. त्या भाषणात त्यांनी दागिन्यांचा विषय स्पष्ट काढला होता. गळ्यात भाराभर गळसऱ्या आणि हातात कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे अलंकार ही तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे, ती टाकून द्या, हा त्यांच्या सांगण्याचा आशय. लुगडे नेसण्याची पद्धतही बदलायला सांगितली. बायांनी ते तिथल्या तिथे ऐकले. आमच्या आज्या-पणज्यांनी कथील उतरवून ठेवले ते कायमचे. मग आज आदिवासी बहिणीने तीच जड हांसळी अंगावर मिरवावी आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे बाबासाहेबांच्या विचारात कसे बसते? असे विचारणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत, आणि त्यांचा हेतू वाईट नाही.

पण महाडचा मुद्दा नीट वाचा. बाबासाहेबांचा राग धातूवर नव्हता. कोणी काय घालायचे हे दुसऱ्याने ठरवण्यावर होता. याचा पुरावा त्यांच्याच लेखनात आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी इंदूर भागातल्या बलाई जातीची हकीकत दिली आहे. जानेवारी १९२८ मध्ये ती वृत्तपत्रात आली होती. पंधरावीस गावांच्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांनी बलाईंना नियम घालून दिले, आणि त्यातला एक असा की बलाई बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नियम पाळायला नकार दिला तेव्हा त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरांना चराई बंद झाली, शेतांत जायच्या वाटा बंद झाल्या. त्याच ग्रंथात गुजरातेतल्या झानू गावाचीही हकीकत आहे. तिथल्या अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरून त्यांना मार बसला. म्हणजे एकीकडे कथलाच घालायचा, कारण त्यावरून तू कोण ते कळते, आणि दुसरीकडे चांदी घालायची नाही, कारण त्यावरून तू कोण ते विसरले जाते. दोन्ही हुकूम एकाच तोंडातून निघाले. महाडला बायांनी कथील उतरवले आणि बलाई बायांनी चांदीचा हट्ट धरला, या दोन उलट्या कृती नाहीत. अंगावर काय असावे हे अंग ज्याचे त्याने ठरवावे, हीच दोन्ही ठिकाणची मागणी आहे.

आदिवासी बाईची गोष्ट इथे थोडी वेगळी होते. तिची हांसळी तिच्यावर गावगाड्याने लादलेली नव्हती, कारण ती गावगाड्याच्या बाहेर होती. ब्रिटिश काळातली वर्णने भिल्ल बायांच्या पायातल्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पितळी कड्यांची आहेत. लिहिणाऱ्याला त्याचे नवल वाटले, कधी हसू आले. त्या कड्या का घातल्या जातात हे विचारायला कोणी थांबला नाही. ज्या माणसांकडे तिजोरी नाही, पक्के घर नाही, सावकाराच्या वहीत आणि सरकारच्या दप्तरात ज्यांचा शब्द चालत नाही, ती माणसे आपली बचत अंगावर ठेवतात. हंगाम बरा गेला की एक कडे, हंगाम बुडाला की ते मोडायचे. ती नटण्याची हौस होती तशीच बँकही होती, आणि त्या बँकेची खातेदार बाई होती. ही बँक बुडाली. ती कशी बुडाली हे समजायला बाबासाहेबांचे दुसरे एक पुस्तक उघडावे लागते. आपण ते कपाटात ठेवतो आणि जयंतीला फक्त त्याचे नाव घेतो.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. विषय चलनाचा आहे, म्हणून आपले कार्यकर्ते ते अर्थशास्त्रज्ञांवर सोडून देतात. पण त्यात ज्या घटनेची चिरफाड आहे, ती थेट सातपुड्यातल्या बाईच्या गळ्यापर्यंत पोहोचते. १८९३ पर्यंत आपल्याकडे असा कायदा होता की कोणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जावे आणि किरकोळ खर्च देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत. आदिवासी बाई काही मुंबईच्या टांकसाळीत जात नव्हती. पण तिची हांसळी घेणारा सराफ, सराफाकडून घेणारा मोठा व्यापारी जाऊ शकत होता. त्यामुळे रुपयाभार चांदी आणि एक रुपया यांत फार अंतर पडत नसे. तिच्या गळ्यात तोळाभर चांदी असेल तर तिच्या गळ्यात जवळपास एक रुपया होता.

२६ जून १८९३ ला सरकारने टांकसाळीचे दार खाजगी चांदीला बंद केले. जगात चांदीचा भाव घसरत होता, रुपया त्याबरोबर घसरत होता, आणि इंग्लंडला सोन्यात पैसे पाठवणाऱ्या सरकारला ते परवडत नव्हते. म्हणून रुपया चांदीपासून तोडला. रुपया सोळा पेन्सांवर धरून ठेवला गेला, चांदी मात्र आपल्या गतीने खाली जात राहिली. शतक संपताना लंडनचा चांदीचा भाव पाहून हिशेब केला, तर रुपयात जेवढी चांदी होती तेवढ्या चांदीची किंमत दहा-अकरा आण्यांच्या आसपास येते. पूर्वीचा रुपया आता दहा आणे! शिवाय सोनाराची घट वेगळी, अडलेल्या माणसाला मिळणारा भाव वेगळा. चांदी तीच, वजन तेच, गळा तोच. सिमल्यात बसलेल्या सरकारने एक कायदा केला आणि डोंगरातल्या बाईच्या बचतीतला तिसरा हिस्सा नाहीसा झाला. तिला कोणी सांगितलेही नाही.

आणि लगेच दुष्काळ आला. आधी १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पन्या म्हणतात. खानदेश आणि पंचमहालातल्या भिल्लांची त्यात वाताहत झाली. दाणे रुपयांत घ्यायचे, सारा रुपयांत भरायचा, सावकाराचे व्याज रुपयांत. विकायला मात्र चांदी. बाजारात एकाच वेळी साऱ्यांचीच चांदी आली की भाव आणखी पडणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. बचत ज्या दिवसासाठी केली होती नेमका तो दिवस उगवला, आणि त्याच वेळी ती सर्वात स्वस्त झालेली होती.

एक बारकावा मला फार बोलका वाटतो. भिल्ल आणि बंजारा बायांच्या गळ्यात रुपयाच्या नाण्यांची माळ असते, राणीच्या किंवा राजाच्या छापाची. शहरी माणसाला ते इंग्रजांचे वेड वाटते. पण १८९३ नंतरचा हिशेब मांडून पाहा. हांसळीतली रुपयाभार चांदी दहा आण्यांची झाली, आणि माळेतले नाणे रुपयाचेच राहिले. नाणे ओवणारी बाई अडाणी होती की तिला बाजार कळत होता, हे आता वाचकाने ठरवावे.

बाबासाहेब आदिवासींबद्दल बोललेच नाहीत असे काही विद्वान सांगत फिरतात. मुंबई सरकारने १९२८ मध्ये दलित वर्ग आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सदस्य होते. सोबत डॉ. सोळंकी होते, ठक्कर बाप्पाही होते. १९३० मध्ये अहवाल आला. मुंबई इलाख्यात खानदेशही होता, हे विसरू नये. समितीने शिक्षण, नोकऱ्या, जमीन असे प्रश्न हाताळले. दागिना, कला, संस्कृती हा कोणाच्या कल्याणाचा मार्ग म्हणून पुढे ठेवला नाही.

हा मार्ग दुसऱ्या मांडवातून आला. सावद्याच्या शेजारी फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तिथे झाले, अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू-गवताची सुंदर नगरी उभी केली, गांधीजींनी ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले. खेड्यातल्या कारागिराच्या हाताला मान द्यावा, यात वाईट काय? काहीच नाही. पण त्याच वर्षी मे महिन्यात 'जातिप्रथेचे विध्वंसन' छापून आले होते आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला होता. एक बाजू म्हणत होती, कारागिराने आपल्या बापाचा धंदा जपावा, आपण त्याचा माल घेऊ. दुसरी विचारत होती, कारागिराला धंदा निवडता येतो का, आणि मालाचा भाव कोण ठरवतो? गेल्या नव्वद वर्षांत सरकारी हस्तकला धोरण फैजपूरच्या मांडवातून फारसे बाहेर आलेले नाही.

ताजे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, न्हावी, परीट, शिंपी अशी यादी. वाचताना बलुत्याची वही उघडल्यासारखे वाटते. त्यात सोनार आहे, म्हणजे आदिवासी बाईची हांसळी घडवणारा आहे. फुलांचे हार करणारा माळी आहे. मणी ओवणारी बाई नाही. जातीच्या चौकटीत ज्याला घर नाही त्याला यादीत ओळ नाही. तिच्या कामाला धंदा मानायला कोणी तयार नाही, 'परंपरा' म्हणायला सगळे तयार आहेत.

आणि जिथे नाव मिळते तिथे ते कोणाला मिळते? वारली चित्र मुळात लग्नाच्या चौकात सुवासिनी बाया काढत. सत्तरच्या दशकात ते कागदावर आले, जगभर गेले आणि नाव झाले जिव्या सोमा म्हसे यांचे, २०११ मध्ये पद्मश्री. त्यांची प्रतिभा अस्सल, त्याबद्दल वाद नाही. पण शतकानुशतके भिंती रंगवणाऱ्या एकाही बाईचे नाव आपल्याला ठाऊक नाही. झाबुआच्या भुरीबाई या भिल्ल चित्रकर्तीला २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजूर म्हणून आल्या होत्या. कोणीतरी त्यांच्या हातात कागद-रंग दिला आणि चित्राखाली सही करू दिली, म्हणून आज नाव आहे. मण्यांच्या पट्टीवर सही करायला जागा नसते. संग्रहालयात पाटीवर लिहितात, 'भिल्ल, कंठहार, मणी'. जमात लिहिली, वस्तू लिहिली, माल लिहिला, बाई गेली कुठे?

आता बाजारात पांढऱ्या धातूचे गिलटाचे दागिने आले आहेत, साच्यातले, स्वस्त. चांदीचा भाव किलोमागे लाखाच्या पुढे गेल्यावर घरातली जुनी हांसळी मोडून पोरीच्या शिक्षणाला किंवा दवाखान्याला पैसे उभे करणारी बाई चुकते आहे असे मी म्हणणार नाही. चांदी त्यासाठीच तर होती. 'वारसा जपा' असा उपदेश तिला करणाऱ्याने आधी आपल्या बायकोचे सोने बँकेच्या लॉकरमधून काढून दाखवावे.

तिसरा प्रश्न उरतो, मालकीचा, आणि तो सर्वात कडू आहे. हिंदू स्त्रीला वारसा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला. त्याच्या कलम २ च्या पोटकलम २ मध्ये लिहिले आहे, की केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे सातपुड्यातल्या लेकीचा जमिनीतला वाटा रूढीवर सोडला, आणि रूढीने जमीन बहुधा मुलग्यांकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी स्त्रीच्या वारसांचा समान हिस्सा मान्य केला. पण तिथवर पोहोचायला त्या घराला कोर्टाच्या किती पायऱ्या चढाव्या लागल्या! पाड्यावरच्या बाईकडे ना सातबारा, ना वकील. तिची म्हणता येईल अशी मिळकत आजही तिच्या अंगावरच आहे.

म्हणून सावदा-रावेर-यावलच्या कार्यकर्त्यांना माझे म्हणणे एवढेच आहे. पुढच्या वेळी फोटो काढाल तेव्हा नाव विचारा, आणि तिची हरकत नसेल तर ते छापा. मण्यांची पट्टी विकत घ्याल तेव्हा ती विणायला किती दिवस लागले ते विचारा आणि तेवढ्या दिवसांची मजुरी द्या, मण्यांचे पैसे वेगळे. आणि पाड्यावरच्या कोणाची चांदी गहाण पडली असेल, तर सावकाराकडे परवाना आहे का, पावती दिली का, पावतीवर वस्तूचे नाव आणि वजन दोन्ही लिहिले आहे का, हे बघा. नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो.